पाणसळ

मिसचा फोन आला, बार बसवायचाय.
मी म्हटलं, परमिट रूमची कामं घेत नाही.
कुरियन मिस हसल्या. पत्ता दिला.
ऐरोली, सेक्टर पाच, दातांच्या दवाखान्यावरचा हॉल.
एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीला काहीच नाही.

दोन पाइप लावा, म्हणाल्या,
एक मोठ्या मुलींचा, एक छोट्यांचा.
खरा लाकडी असतो, पण परवडत नाही.
दीड इंची स्टेनलेस घेतला. सांधे इतके घासले
की बोट फिरवल्यावर सांधा कुठंय ते मलाच सापडेना.
पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत
तिसरा ब्रॅकेट चारदा काढला.

बिल किती? मी म्हटलं, बिल नको, पोरीला घ्या.
स्वरांगी तेव्हा आठाची,
दिवा गावच्या गल्लीत टाच न टेकवता चालायची,
आई ओरडायची, भुईला काय काटे आहेत का गं?

मी जिन्यात बसायचो. दार बंद, शब्द बाहेर.
तांद्यू म्हणायच्या, मला तांदूळ ऐकू यायचं.
रेलेवे म्हणायच्या, मला रेल्वे.
आमच्यात हळदीच्या रात्री पाय असा पडतो
की मांडवाचा बांबू हलतो.
इथे मिस सांगायच्या,
खाली येताना आवाज यायला नको,
मांजर ओट्यावरून उतरतं तसं.
पोर घरी येऊन मांजरामागे फिरायची.

तीन वर्षं खालचा पाइप.
मग एका जूनमध्ये वरचा.
लेव्हल दोन झाली, लेव्हल तीन झाली,
सर्टिफिकेट मी रबाळ्याच्या शॉपमध्ये लावलंय,
ग्राइंडिंगची धूळ बसते, पुसतो.
गिऱ्हाईक विचारतं, लेव्हल म्हणजे काय?
मी खिशातली पाणसळ दाखवतो. त्याला पटतं.

बाराव्या वर्षी बरोबरीच्या दोघींना
टोकाचे बूट मिळाले. हिला नाही.
मिसनी पाऊल हातात घेऊन दाबून पाहिलं,
हाडं कच्ची आहेत, थांबायचं.
ओल्या वेल्डवर भार टाकायचा नसतो,
मला लगेच कळलं.
तिला नाही कळलं. दोन दिवस जेवली नाही,
तिसऱ्या दिवशी बोंबलाच्या वासाने उठली.

दीड वर्षाने बूट आले. गुलाबी, साटीनचे.
मी म्हटलं, हा कुणाच्या कातडीचा रंग?
तीही तेच म्हणाली.
बिनसाखरेचा चहा उकळला, रिबिनी बुडवल्या,
बुटांवर स्पंजाने टिपत बसली रात्रभर,
सकाळी दोरीवर आमचा रंग वाळत होता.

मग शॉपमध्ये आली. पप्पा, हातोडी द्या, लहानातली.
कशाला?
नव्या बुटांचा खटखट आवाज येतो, ठोकून नरम करायचे.
महिन्याच्या वीजबिलाएवढे बूट, आणि ठोकायचे!
हातोडीला जुनं बनियन गुंडाळलं, बूट मांडीवर घेतला.
तीस वर्षं लोखंड ठोकतोय.
आवाज कमी व्हावा म्हणून
पहिल्यांदाच काही ठोकलं.

शनिवारी मिसनी दार उघडं ठेवलं.
ती वरच्या पाइपला धरून चढली, दोन बोटांवर,
ज्यांची नखं मी लहानपणी कापायचो.
पहिला घोटा थरथरला. डावीकडे. जरा उजवीकडे.
मी श्वास घेतला नाही, हलेल म्हणून.
मग मध्ये आला.
तिने हात सोडला.

मी मोजलं. चारपर्यंत, कदाचित पाच.
उतरली तेव्हा काही ऐकू आलं नाही,
खाली दवाखान्यात मशीन चालू होतं, म्हणूनही असेल.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आरशात पाहिलं.

खालच्या पाइपला एक बारकी पोर
दोन्ही हातांनी लोंबकळत होती.
मिस ओरडल्या तिला. मी बघितलं,
तिसरा ब्रॅकेट ढिला झालाय.
म्हटलं, असू दे, ओरडू नका,
उद्या येतो ड्रिल घेऊन.